थंडीत साप-सरडे पाठवायचे तर: खोक्यातल्या उबेचा हिशेब

21 जानेवारी 2020 रोजी अमेरिकी हवामान खात्याच्या मायामी कार्यालयानं लोकांना एक अजब सूचना दिली: आज रात्री झाडांवरून इग्वाना (मोठे सरडे) पडताना दिसले तर दचकू नका. पारा एक आकडी होणार होता. अशा थंडीत इग्वानाची फांदीवरची पकड सुटते, तो धपकन खाली येतो आणि ओंडक्यासारखा पडून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, गेला. पण बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. ऊन वर आलं की हळूहळू हलायला लागतो.

त्याच फ्लोरिडात जानेवारी 2010 मधली थंडी मात्र लांबली होती. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत रेडिओ ट्रान्समीटर बसवून पाळत ठेवलेल्या 10 बर्मी अजगरांपैकी 9 त्या थंडीत दगावले.

थंडी किती आणि किती वेळ, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावे लागतात. हिवाळ्यात जिवंत साप, पाल, सरडा किंवा कासव खोक्यात घालून दुसऱ्या गावी पाठवणाऱ्यालाही हेच दोन प्रश्न सोडवायचे असतात. असे प्राणी प्राणिसंग्रहालयं एकमेकांना देतात, बंदिस्त जागेत पैदास करणारे लोक पाठवतात, संशोधन केंद्रं मागवतात. रानातून पकडलेल्या प्राण्याची गोष्ट इथे नाही. तो मुळात पाठवायचाच नसतो. कोणत्या प्रजातीला कोणती परवानगी लागते हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, सीमा ओलांडायची तर धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर लगाम ठेवणारा, 1975 पासून लागू असलेला साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आड येतो, आणि विमानानं पाठवायचं तर आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीप्रमाणे खोकं बांधावं लागतं. ते सगळं आधी. इथून पुढे फक्त खोक्याबद्दल.

थंडीत गारठतो, उष्णतेत मरतो

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो, पण त्यांचं रक्त थंड असतं असं नाही. उन्हात पडलेल्या सरड्याचं शरीर आपल्यापेक्षाही गरम असू शकतं. फरक एवढाच, की आपल्या पोटात चूल पेटलेली असते आणि त्यांच्या नसते. ते ऊब बाहेरून घेतात. गार वाटलं की उन्हात, तापलं की बिळात. ही ये-जा हाच त्यांचा थर्मोस्टॅट. खोक्यात घातलं की ही ये-जा बंद होते. आता हवामान तुम्ही ठरवायचं, आणि प्राण्याला त्यातून बाहेर पडायला दार नाही.

चूल नसण्याचा फायदाही मोठा असतो. त्याच वजनाच्या उंदरा-घुशीला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण एक दशांशावर साप भागवतो. गारठला तर याहून कमी. हृदय मंदावतं, श्वास लांबतात, पचन थांबतं. निरोगी बॉल पायथनला (हा एक छोटा आफ्रिकी अजगर) 28 अंशांत बरं वाटतं. काही तास 15-16 अंशांत राहावं लागलं तर तो सुस्तावेल, वेटोळं घट्ट करेल, नंतर सावरेल. आता याच 28 वरून उलट दिशेला 12 अंश वर जा. 40 अंशांवर बंद डब्यात तो तडफडून मरेल, आणि तेही लवकर. क्रेस्टेड गेको ही पाळली जाणारी पाल तर 30 च्या आसपासच कासावीस होते.

हिवाळी पार्सलचं सगळं शास्त्र या विषमतेवर उभं आहे, आणि नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. बाहेर थंडी आहे म्हणून तो खोक्यात ऊब भरत सुटतो. ऊब देणारं एक पाकीट, म्हणजे हीट पॅक, कमी वाटतं म्हणून दोन टाकतो, भोकं बुजवतो, वरून चिकटपट्टीचे वेढे देतो. हेतू प्रेमाचाच असतो. हिवाळ्यात पाठवलेला प्राणी भाजून किंवा गुदमरून मरणं ऐकायला विचित्र वाटतं, पण या धंद्यातल्या जुन्या लोकांना पहिली भीती त्याचीच असते.

पाकिटात नेमकं काय चालतं

हीट पॅक म्हणजे कापडी कागदाचं चपटं पाकीट. आत लोखंडाची बारीक पूड, थोडं मीठ, पाणी, कोळशाची भुकटी आणि ओल धरून ठेवणारा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट. बाहेरचं प्लॅस्टिक फाडलं की हवा आत शिरते आणि लोखंड गंजायला लागतं. खिळा गंजतानाही उष्णता निघते, पण ती वर्षभरात इतकी थोडी थोडी निघते की कळत नाही. पुडीमुळे आणि मिठामुळे हेच काम इथे 40 किंवा 72 तासांत उरकतं.

आता जरा आकडेमोड करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. एक ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं की सुमारे 7.4 किलोज्यूल उष्णता मिळते. समजा 40 तासांच्या पाकिटात 50 ग्रॅम लोखंड आहे. म्हणजे 370 किलोज्यूल, 40 तासांवर वाटून. हिशेब येतो अडीच वॅट. जुना मोबाइल चार्जर 5 वॅटचा असायचा, त्याच्या निम्मं.

अडीच वॅटमध्ये खोकं किती तापेल? ते पाकिटावर नाही, खोक्यावर ठरतं. सर्व बाजूंनी 30 सेंटिमीटर आणि आतून 2 सेंटिमीटर जाडीचा थर्माकोल असलेलं खोकं घेतलं तर ढोबळ हिशेबानं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम चार अंश वर राहतं. थर्माकोल निम्म्या जाडीचा घेतला तर दोन-अडीच अंश. आणि तेच पाकीट 20 सेंटिमीटरच्या छोट्या खोक्यात, 2 सेंटिमीटरच्याच थर्माकोलमध्ये ठेवलं तर दहा अंश.

म्हणजे बाहेर 5 अंश असताना मोठ्या खोक्यात 9 आणि छोट्या खोक्यात 15. पहिल्यात प्राणी धोक्यात, दुसऱ्यात ठीकठाक. पण गोष्ट इथे संपत नाही. हे पार्सल कुरिअरच्या डेपोत पोचलं, तिथे हीटर लावलेला आहे, खोलीत 25 अंश आहेत. आता छोट्या खोक्यात 35. त्यात पाकीट काही सगळे तास सारखं तापत नाही. सुरुवातीचे काही तास ते सरासरीपेक्षा बरंच जोरात चालतं. 35 चे 40 व्हायला वेळ लागत नाही. बाहेरच्या थंडीतून सुखरूप आलेला गेको डेपोतल्या उबदार खोलीत संपतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: पैसे आणि डोकं आधी थर्माकोलवर खर्च करावं, पाकिटावर नंतर. थर्माकोल दोन्ही बाजूंनी राखण करतो. बाहेर गार असो वा गरम, आतला बदल सावकाश करतो. पाकीट आंधळं असतं, बाहेर काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो.

हवेचा हिशेब याहून बोलका आहे. एक ग्रॅम लोखंड गंजायला साधारण दीड लिटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. 50 ग्रॅमला 75 लिटर. 40 तासांत 75 लिटर म्हणजे तासाला जवळजवळ दोन लिटर हवा. आपल्या त्या छोट्या खोक्याची आतली पोकळी 16 सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे चार लिटर. खोकं खरोखर हवाबंद असतं तर आतला ऑक्सिजन पाकिटानं दोन तासांत खाल्ला असता. छोट्या सापाला तासाला काही मिलीलिटर ऑक्सिजन पुरतो. खोक्यातला मोठा खादाड पाकीटच. ऑक्सिजन संपला की पाकीटही विझतं. मग प्राणी गुदमरतोही आणि गारठतोही. ‘पाकीट बोगस निघालं, वाटेत थंड पडलं’ अशी तक्रार ऐकली की आधी विचारावं, भोकं किती पाडली होती?

पेन्सिल जाईल एवढी चार ते सहा भोकं, पुठ्ठा आणि थर्माकोल दोन्हींतून आरपार, समोरासमोरच्या बाजूंना. एवढी बहुतेक वेळा पुरतात. खोक्याची चाळणी करायचं कारण नाही, सगळी ऊब निसटेल. थर्माकोलचं भोक पुठ्ठ्याच्या भोकासमोर आलंय ना, हे मात्र खिळा घालून बघा. आतला थर नंतर सरकतो आणि भोक बंद होतं, ते बाहेरून दिसत नाही.

40 तासांचं की 72 तासांचं, हा नेहमीचा प्रश्न. 72 तासांचं पाकीट सावकाश तापतं, कमी चढतं आणि पार्सल एक दिवस रखडलं तरी साथ देतं. रात्रभराच्या प्रवासालाही बरेच जण तेच वापरतात, ते याच कारणासाठी. हातमोज्यात घालायची छोटी पाकिटं मात्र वापरू नयेत. ती हवेशीर जागेसाठी आणि थोड्या तासांसाठी केलेली असतात, भसकन तापतात आणि विझतात.

पाकिटाला एक पर्यायही आहे. खोबरेल तेलाची बाटली आठवा. साधारण 24 अंशांखाली ते गोठतं, वर वितळतं, आणि गोठता-वितळताना बराच वेळ त्याच तापमानाला अडून राहतं. असे पदार्थ भरलेले जेल-पॅक मिळतात, 22 अंशांच्या आसपास अडून राहणारे. खोकं गार पडू लागलं की ते गोठत गोठत ऊब सोडतात. तापू लागलं की वितळत वितळत ऊब शोषतात. पाकिटासारखे आंधळे नाहीत. हवा खात नाहीत. तोटा एकच, त्यांची शिदोरी ठरावीक असते आणि पॅक जड असतात. थंडी फार कडक नसेल तर मी डोळे झाकून हेच निवडेन, फक्त खोक्यात घालण्यापूर्वी ते वितळलेले असायला हवेत. गोठलेला जेल-पॅक टाकला तर थंडीत तो काहीच देत नाही.

पिशवी, डबी आणि बोळे

पाठवायच्या आधी उपाशी ठेवणं निर्दयीपणा वाटतो, पण त्याशिवाय गत्यंतर नाही. सापाचं पचन तापमानावर चालतं. पोटात उंदीर असताना साप गारठला की पचन थांबतं आणि उंदीर आतल्या आत सडायला लागतो. मग उलटी, संसर्ग, कधी मृत्यू. शेवटच्या जेवणानंतर सापाला किमान आठवडा द्यावा, मोठ्याला त्याहून जास्त. छोट्या पाली-सरड्यांना एक-दोन दिवस पुरतात. पाणी मात्र निघेपर्यंत मिळायला हवं.

साप सर्पमित्र नेतात तसाच, कापडी पिशवीत जातो. कापड घट्ट विणीचं, शिवण उलटून घेतलेली, आत दोरे लोंबत नाहीत ना ते पाहिलेलं. पिल्लाच्या गळ्यात दोरा अडकला तर तो सुटत नाही. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून गाठ मारायची, आणि साप गाठीखाली आहे ना हे आधी हातानं चाचपायचं. पाली-सरड्यांना भोकं पाडलेली प्लॅस्टिकची गोल डबी बरी. क्रेस्टेड गेकोची शेपटी दचकला की तुटते आणि परत येत नाही, बिबट्या गेकोची येते. म्हणून क्रेस्टेडला पिशवीत चुरगाळत नाहीत. डबीत टिशू पेपरचे सैल बोळे भरले की त्याला लपायलाही मिळतं आणि तो आपटतही नाही.

टिशू ओला करावा का? पावसाळी रानातल्या प्रजातींना दमटपणा लागतो खरा, पण दमट आणि ओलं यात फरक आहे. पाणी वाफ होताना ऊब नेतं, आणि ओल्या अंगातून उष्णता कोरड्यापेक्षा झपाट्यानं निसटते. पिळल्यावर थेंब पडत नाही इतपत ओलावा पुरे. पाण्याची वाटी ठेवायची नाही. ती पहिल्याच वळणावर सांडते.

खोकं भरताना क्रम असा. तळाशी वर्तमानपत्राचे बोळे. त्यावर डब्या किंवा पिशव्या, हलणार नाहीत अशा. वर पुन्हा बोळे. पाकीट झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचं, वर्तमानपत्राच्या एका घडीत गुंडाळून, चिकटपट्टी फक्त कडांना. मधला भाग झाकला तर त्याला हवा मिळत नाही. प्राणी आणि पाकीट यांच्यात हाताची वीत नसली तरी चार बोटं तरी अंतर हवं. पाकीट प्राण्याखाली कधीही ठेवू नका. पोटाखालून भाजलं तरी साप बऱ्याचदा सरकत नाही, आणि खोक्यात त्याला सरकायला जागाही नसते.

पाकीट खोकं बंद करण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी फोडावं. तेवढ्यात ते हाताला गरम लागलं पाहिजे. न तापलेलं पाकीट खोक्यात घालून ‘तापेल वाटेत’ म्हणणं म्हणजे नशिबावर हवाला.

आणि हे सगळं पहिल्यांदा करताय तर प्राण्याशिवाय करा. पिशवीत सापाच्या वजनाएवढी पाण्याची छोटी बाटली ठेवा (साप तरी काय, बहुतांश पाणीच), बाजूला किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर, आणि खोकं एक रात्र फ्रिजमध्ये. घरच्या फ्रिजमध्ये साधारण 4 अंश असतात, हिवाळ्यातला ट्रक झाला. दुसऱ्या रात्री तेच खोकं, नवं पाकीट, पण उबदार खोलीत. पहिल्या रात्रीचा किमान आणि दुसऱ्या रात्रीचा कमाल आकडा वहीत लिहा. त्या दोन आकड्यांमधली जागा तुमच्या प्राण्याला सोसवेल का, एवढंच मग बघायचं असतं.

पाठवू नये तो दिवस

सोमवार, मंगळवार, फार तर बुधवार. गुरुवारी निघालेलं पार्सल एक दिवस रखडलं की शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं, आणि पाकिटाला सुट्टी माहीत नसते.

हवामान तीन ठिकाणचं बघायचं, दोन नाही. तुमचं गाव, घेणाऱ्याचं गाव, आणि रात्री पार्सलं जिथे छाननीला जातात ते केंद्र. अमेरिकेत फेडेक्सचं मोठं केंद्र मेम्फिसला आहे, यूपीएसचं लुईव्हिलला. दोन्ही टोकांना लख्ख ऊन असताना मधल्या गावात धावपट्टीवर बर्फ साचला की पार्सल तिथेच अडकतं. विमानाच्या पोटात दाब आणि तापमान बऱ्यापैकी राखलेलं असतं. खरी थंडी असते धावपट्टीवर उभ्या असलेल्या गाडीत आणि शेवटच्या टप्प्यातल्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये. पहाटे पाचला व्हॅनमध्ये चढलेलं खोकं दुपारी दोनला दारात येतं, मधले नऊ तास दर पाच मिनिटांनी व्हॅनचं दार उघडतंय. त्यापेक्षा पार्सल डेपोतच थांबवून घ्यावं आणि घेणाऱ्यानं सकाळी जाऊन उचलावं. हिवाळ्यात या एका बदलानं जेवढा धोका टळतो तेवढा दुसऱ्या कशानं क्वचितच टळतो.

बरेच अनुभवी लोक रात्रीचं तापमान 4-5 अंशांखाली जाणार असेल तर पाठवतच नाहीत, कितीही पाकिटं असली तरी. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं असतील तर ही रेघ आणखी वर. पिल्लाचं अंग छोटं, त्यामानानं कातडी जास्त. तीन किलोचा अजगर ज्या गारठ्यात तासन्‌तास ऊब धरून ठेवतो, त्यात पिल्लू अर्ध्या तासात गार होतं. आगाऊ पैसे भरलेलं गिऱ्हाईक फोन करून भंडावतं, ते वेगळं. त्याला आठवडाभर थांबायला सांगणं जड जातं, पण तो फोन मेलेल्या पार्सलनंतरच्या फोनपेक्षा सोपा.

खोकं उघडल्यावर

खोकं दारात उघडू नका. खोलीत, खिडक्या बंद करून, गरम दिव्यापासून लांब. वरचं पाकीट आधी बाहेर काढा. मोकळी हवा लागली की ते एकदम जोरात तापतं.

साप हाताला गार लागला आणि हलला नाही तर दोन चुका टाळायच्या. पहिली, मेला म्हणून टाकून देणं. गारठलेल्या सापाचं हृदय इतकं सावकाश चालतं की ठोका चुकून निसटतो. ऊब येईपर्यंत निकाल द्यायचा नाही. दुसरी चूक जास्त मोठी: घाबरून त्याला दिव्याखाली किंवा हीटिंग पॅडवर ठेवणं. कातडी तापते, आतलं अंग गारच राहतं, आणि बधिर झालेल्या प्राण्याला भाजतंय हे कळतही नाही. पिशवीसकट 22-24 अंशांच्या खोलीत तासभर ठेवा, मग त्याच्या नेहमीच्या पिंजऱ्यात, गरम कोपरा अजून सौम्य ठेवून. दोन-तीन तासांत जीभ बाहेर येते. नाही आली, किंवा मान उलटी पडत असेल, तोंड उघडं राहत असेल, तर पशुवैद्य.

पाणी लगेच, जेवण पाच-सात दिवसांनी. गारठ्यात रोगप्रतिकारशक्तीही झोपलेली असते, त्यामुळे फुप्फुसाचा संसर्ग बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांनी डोकं वर काढतो: नाकाशी फेस, श्वासाला घरघर, मान वर धरून बसणं. तेवढे दिवस लक्ष ठेवावं, आणि जुन्या प्राण्यांपासून वेगळं ठेवावं.

आणि ते बाहेर काढलेलं पाकीट फेकण्याआधी एक करा. उघडता क्षणी ते गरम होतं, कोमट होतं की दगडासारखं कडक आणि थंड, आणि पिशवीजवळ थर्मामीटर असेल तर त्यावर काय होतं, एवढं पाठवणाऱ्याला कळवा. पुढचं खोकं भरताना त्याच्याकडे फ्रिजमधल्या आकड्यांशेजारी लिहायला खऱ्या रस्त्यावरचा एक आकडा असेल.